सुरतची नैसर्गिक शेती: बघायला जरूर जा, पण हिशेब विचारून या

पोंकचा हंगाम सरत आलेला, आंब्याला मोहोर धरलेला आणि गुऱ्हाळं अजून पेटलेली. माघ-फाल्गुनाच्या या दिवसांत सुरतकर रविवारी शहराबाहेर पडतो. पूर्वी हे निघणं पोंकसाठी आणि ताज्या उसाच्या रसासाठी असायचं. आता त्यात "नैसर्गिक शेती बघायला" हे आणखी एक कारण आलं आहे. कामरेज, बारडोली, ओलपाड, मांडवी, पुढे व्यारा आणि थेट डांगपर्यंत लोक आपली गाडी काढून जातात, शेतकऱ्याला आधी फोन करतात, शेत फिरतात आणि येताना गूळ, तांदूळ, हळद, तूप डिक्कीत टाकून आणतात. गाईड नाही, तिकीट नाही, टूरवाला नाही.

उधना, लिंबायत, दिंडोली, नवागाम भागात राहणारी आपली खानदेशी मंडळीही यात आहेत. नवापूर, नंदुरबार, साक्रीकडचे शेतकरीही "तिकडे काय चाललंय ते बघून येऊ" म्हणून जातात. जायलाच हवं. पण शेत बघून, फोटो काढून, गुळाची ढेप घेऊन परत आलो की काम झालं, असं समजायचं कारण नाही. तिथे तीन प्रश्न विचारायला हवेत: शिक्का कोणता आहे, भाव कसा बसतो, आणि घाम कोणाचा आहे. चौथा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायचा: सीमेच्या अलीकडच्या शेतकऱ्याला यातून काय मिळतं?

सुरत पुढे कशी आली

मार्च २०२२ मध्ये गुजरातच्या पंचायत महासंमेलनात पंतप्रधानांनी प्रत्येक गावात किमान ७५ शेतकऱ्यांनी नैसर्गिक शेती करावी, असं आवाहन केलं. स्वातंत्र्याच्या ७५ वर्षांचं ते निमित्त होतं. सुरत जिल्ह्याने हा आकडा अंगावर घेतला. ग्रामपंचायतीनिहाय शेतकरी निवडले, ९० क्लस्टर पाडले आणि ४१ हजारांवर शेतकऱ्यांना प्रशिक्षण दिलं. १० जुलै २०२२ रोजी सुरतेत झालेल्या नैसर्गिक शेती परिषदेत पंतप्रधानांनी याचं कौतुक केलं आणि "सुरत मॉडेल" हा शब्द देशभर गेला.

यामागचा मोठा पाठपुरावा राज्यपाल आचार्य देवव्रत यांचा. हरियाणात कुरुक्षेत्रच्या गुरुकुलात त्यांनी हा प्रयोग आधी केला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्याकडे महाराष्ट्राच्या राज्यपालपदाचा अतिरिक्त कार्यभारही सोपवण्यात आला, म्हणून हा विषय मुंबईच्या राजभवनातही पोचला.

आता गंमत बघा. ज्या जीवामृताचे ड्रम आपण गुजरातमध्ये जाऊन कौतुकाने बघतो, त्याचा प्रचार देशभर केला तो आपल्या विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे पाळेकर, २०१६ चे पद्मश्री. बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा हे त्यांचे चार खांब. शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडचे, पण त्यावर मोठं सरकारी काम उभं राहिलं ते आधी आंध्रात आणि मग गुजरातेत.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. प्रशिक्षण घेतलेले ४१ हजार आणि प्रत्यक्षात सगळी जमीन नैसर्गिक करणारे ४१ हजार, हे दोन वेगळे आकडे आहेत. बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याने एखाद-दोन बिघे नैसर्गिक ठेवलेले असतात आणि बाकी उसाला युरिया चालूच असतो. यात लबाडी आहेच असं नाही. नवा धंदा सुरू करताना जुनं दुकान कोणी लगेच बंद करत नाही. पण बघायला जाणाऱ्याने "तुमची एकूण जमीन किती आणि त्यातली नैसर्गिक किती" हा पहिला प्रश्न विचारायला लाजू नये.

कोणत्या वाटेला काय दिसतं

नवापूरकडून गेलात तर सोनगढ, व्यारा, बारडोली, कडोदरा हा सरळ रस्ता. रेल्वेनेही हीच वाट: नवापूर, उकाई-सोनगढ, व्यारा, मढी, बारडोली आणि मग उधना. नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, हे आपल्याला सांगायला नको.

बारडोली-कामरेज पट्टा म्हणजे ऊस आणि केळी. उकाई आणि काकरापारच्या कालव्यांचं पाणी इथे पोचलं आणि सहकारी साखर कारखाने उभे राहिले. इथल्या नैसर्गिक शेतात उसाच्या सऱ्या रुंद दिसतील, मधे हरभरा, मूग किंवा कांदा दिसेल, आणि मुख्य म्हणजे पाचट जाळलेलं नसेल, जमिनीवर अंथरलेलं असेल. पायाने पाचट बाजूला सारून बघा. खाली माती ओलसर, भुसभुशीत आणि गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्या असतील तर आच्छादन एका दिवसात दाखवण्यापुरतं केलेलं नाही, हे समजतं.

केळीच्या बागेत गेलात तर खोडाचं काय करता, हे विचारा. नवसारी कृषी विद्यापीठाने केळीच्या खोडाच्या रसापासून "नोवेल" नावाचं द्रवरूप सेंद्रिय खत तयार केलं आहे. जळगाव-रावेरमध्ये घड कापल्यावर खोड बांधावर टाकून देणाऱ्या आपल्या केळीवाल्यांनी यासाठी तरी एक फेरी मारावी.

ओलपाडकडे वळलात तर भात आणि भाजीपाला. समुद्र जवळ, काही जमिनी खारपड. इथे नैसर्गिक शेतीचा कस लागतो, कारण जमीनच मुळात अवघड. डांगकडे म्हणजे वघई-आहव्याला गेलात तर चित्र पूर्ण बदलतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये डांग हा संपूर्ण नैसर्गिक शेतीचा जिल्हा म्हणून जाहीर झाला. नागली, वरई, उडीद, खुरासणी आणि आंबा. होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो, तेव्हा या वाटेवर गर्दी असते. नागलीचे पापड, मोहाची फुलं, बांबूच्या वस्तू हे सगळं तिथे एका जागी मिळतं.

सुरत शहराच्या पोटात मात्र एक धडा आधीच गाडलेला आहे. कतारगामची पापडी उंधियूसाठी नावाजलेली. आज कतारगाम म्हणजे हिऱ्याचे कारखाने. पापडीचं नाव राहिलं, शेत गेलं. शहरालगतच्या कोणत्याही नैसर्गिक शेताला तणापेक्षा आणि किडीपेक्षा मोठा धोका बिनशेतीच्या भावाचा आहे. एक्सप्रेसवे, बुलेट ट्रेन, रिंग रोड यांच्या आसपास जमीन असलेला शेतकरी दहा वर्षांनी हळद लावेल की प्लॉट पाडेल, हे जीवामृतावर ठरणार नाही.

ड्रमकडे नीट बघा

प्रत्येक शेतावर तुम्हाला निळा ड्रम दाखवतील. एका एकरासाठी साधारण प्रमाण असं: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, दोन दिवसांनी वापरायला घ्यायचं आणि आठवड्याभरात संपवायचं.

म्हणजे हे रोजचं काम आहे. ड्रमवर धूळ बसलेली असेल, काठी सापडत नसेल आणि गोठ्यात गाय नसेल, तर ते शेत पाहुण्यांसाठी आहे असं समजा. गाय कोणती, हेही विचारा. गीर सगळे दाखवतात, कारण तिला ग्लॅमर आहे. पण डांग, नाशिक आणि अकोले पट्ट्यातली डांगी गाय मुसळधार पावसात तग धरते, दूध कमी देते पण शेण-गोमूत्राच्या कामाला पुरते. सीमेच्या दोन्ही बाजूंना ती आपलीच आहे.

शेजारच्या शेतात काय फवारतात, हाही प्रश्न महत्त्वाचा. कालव्याच्या पट्ट्यात शेतं चिकटून असतात. बांधावर दाट झाडं किंवा उंच पिकाची पट्टी नसेल तर शेजाऱ्याची फवारणी वाऱ्याबरोबर इकडे येते. चांगला नैसर्गिक शेतकरी ही अडचण स्वतःहून सांगतो.

शिक्का कोणता?

इथे लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते. "नैसर्गिक", "सेंद्रिय" आणि "प्रमाणित" हे तीन वेगळे शब्द आहेत.

सेंद्रिय शेतीत रासायनिक खत-औषध चालत नाही, पण बाहेरून विकत आणलेलं गांडूळखत किंवा जैविक औषध चालतं. नैसर्गिक शेतीत बाहेरून विकत आणायचं नाही, गोठ्यातलं आणि शेतातलंच वापरायचं. आणि प्रमाणित म्हणजे कोणीतरी तपासून कागद दिलेला.

कागद दोन प्रकारचे. एक तिसऱ्या संस्थेने तपासणी करून दिलेला, निर्यातीसाठी लागतो तो. त्यात हंगामी पिकाला दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं रूपांतराचा काळ जातो, खर्चही येतो. दुसरा पीजीएस-इंडिया. यात जवळच्या गावांतले किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेतं तपासतात. रूपांतर चालू असेल तर "पीजीएस-ग्रीन", पूर्ण झालं की "पीजीएस-ऑरगॅनिक". लहान शेतकऱ्याला हाच परवडतो.

दुकानातून पाकीट घेत असाल तर त्यावर "जैविक भारत"चं चिन्ह बघा. २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला प्रमाणपत्र लागतं. पण लहान शेतकरी स्वतःच्या शेतावरून थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला यातून सूट आहे. म्हणजे तुम्ही शेतावर जाऊन जो गूळ घेता, त्याला बहुतेक वेळा कागद नसतो. त्याचं प्रमाणपत्र म्हणजे तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघितलेलं. शेतावर जाण्याचा खरा उपयोग हाच आहे. सहल म्हणून गेलात तर तो वाया जातो, तपासणी म्हणून गेलात तर कामी येतो.

भाव कसा बसतो?

आता थोडा हिशेब करू, कारण "एवढा महाग कसा" आणि "एवढा स्वस्त कसा" या दोन्ही शंकांचं उत्तर हिशेबातच आहे.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने उसाचा एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये ठरवला आहे, १०.२५ टक्के उताऱ्याला. म्हणजे टनाला ३,५५० रुपये. दक्षिण गुजरातचे सहकारी कारखाने अनेकदा याहून जास्त देतात, पण आपण कमीत कमी आकडा धरू. एक टन उसापासून साधारण १०० ते ११० किलो गूळ निघतो. म्हणजे एका किलो गुळात नुसता ऊसच ३२ ते ३५ रुपयांचा झाला.

पुढे बघा. समजा एखाद्याला रासायनिक शेतीत एकरी ४० टन ऊस येत होता आणि नैसर्गिककडे वळल्यावर पहिल्या दोन वर्षांत तो ३० टनांवर आला. १० टनांची घट म्हणजे एकरी ३५,५०० रुपये. ३० टनांचा गूळ झाला साधारण ३,००० किलो. घट भरून काढायची तर किलोमागे जवळजवळ १२ रुपये चढले. खत-औषधाचा वाचलेला खर्च त्यातून वजा करा. मग गुऱ्हाळाची मजुरी, पॅकिंग, वाहतूक आणि न विकला गेलेला माल त्यात मिळवा. आता कोणी "शुद्ध नैसर्गिक गूळ" म्हणून चाळीस रुपये किलोने देत असेल, तर एक तर तो नुकसानीत आहे, नाही तर तो गूळ नैसर्गिक नाही.

रंगाचंही असंच. पिवळाधमक, चकचकीत गूळ बघून भुलू नका. रस साफ करायला भेंडीच्या खोडाचा चिकट रस वापरला तर गूळ तांबूस-तपकिरी येतो. पिवळेपणासाठी बहुधा हायड्रॉस पावडर घातलेली असते.

याच हिशेबाची दुसरी बाजू सरकारी आहे. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकी भार सरकार उचलतं. जो शेतकरी युरिया घेतच नाही, त्याच्या वाट्याची ही सबसिडी कुठे जाते? गुजरातने याचं थोडं उत्तर दिलं: नैसर्गिक शेती करणाऱ्या शेतकऱ्याला एका देशी गाईसाठी महिन्याला ९०० रुपये, म्हणजे वर्षाला १०,८०० रुपये. २०२० पासून ही योजना आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये २,४८१ कोटींचं राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं. त्यात १५ हजार क्लस्टर, एक कोटी शेतकरी आणि साडेसात लाख हेक्टरचं लक्ष्य आहे.

उत्पादनाबाबत मात्र शास्त्रज्ञांमध्ये एकमत नाही, हेही सांगायला हवं. २०१९ मध्ये राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने "झिरो बजेट" शेतीचे दावे सिद्ध झालेले नाहीत, असं म्हणत सरकारला सावध केलं होतं. दुसरीकडे आंध्रच्या सामुदायिक नैसर्गिक शेती कार्यक्रमाला २०२४ मध्ये पोर्तुगालचा गुलबेंकियन पुरस्कार मिळाला. आणि घाई केली की काय होतं, ते श्रीलंकेने दाखवलं. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली, भात आणि चहा दोन्ही कोसळले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निर्णय मागे घ्यावा लागला. म्हणून एखादा शेतकरी "मी एक एकरापासून सुरू केलं, दरवर्षी थोडं वाढवतो" असं सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवायला जास्त जागा आहे.

घाम कोणाचा?

हा प्रश्न आपल्या भागाला सगळ्यात जवळचा, आणि शेत बघायला जाणारे नेमका हाच विचारत नाहीत.

बारडोली पट्ट्यातला ऊस कोण तोडतं? नंदुरबार, धुळे, डांग, तापी आणि नाशिकच्या सुरगाणा-पेठकडची आदिवासी कुटुंबं. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी, म्हणजे "कोयता", निघते आणि उन्हाळ्यापर्यंत पालात राहते. हे कालपरवाचं नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या ऊसतोडीचा अभ्यास केला, तेव्हाही खानदेशातून येणारे मजूर त्यात होते. कारखाने सहकारी, सभासद शेतकरी, पण तोडणारा हात सभासद नाही, ही त्यांची मांडणी होती. पन्नास वर्षं झाली. नवापूर-विसरवाडीच्या रस्त्यावर दिवाळीनंतर भरून जाणारे ट्रक आजही त्याच दिशेने जातात.

आता नैसर्गिक शेतात ऊस विनाविषाचा असेल, गूळ विनारसायनाचा असेल, पण तो ऊस कोणी तोडला? त्याला किती मिळाले? त्याचं पोरगं या सहा महिन्यांत कुठल्या शाळेत होतं? नैसर्गिक शेतीत खत-औषधाचा खर्च वाचतो, पण हातांची गरज वाढते. तण काढायला, आच्छादन पसरायला, दशपर्णी अर्क गाळायला माणूस लागतो. "झिरो बजेट" या शब्दात ही मजुरी कुठेच दिसत नाही. घरची माणसं राबतात तिथे ती शून्य धरली जाते आणि बाहेरचा मजूर असेल तिथे तिच्यावरच बचत केली जाते.

सीमेमुळे यात आणखी एक पेच आहे. महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे. त्याचा निधी महाराष्ट्रात गाळप होणाऱ्या उसावर टनामागे १० रुपये या हिशेबाने कारखान्यांकडून उभा राहतो, सरकारही तेवढीच भर घालतं. नंदुरबारचा मजूर बारडोलीत ऊस तोडतो, तेव्हा त्या उसावर महाराष्ट्राला एक पैसा येत नाही. गुजरातच्या दृष्टीने तो बाहेरचा, महाराष्ट्राच्या दृष्टीने तो बाहेर गेलेला. "एक देश एक रेशनकार्ड"मुळे धान्याचं थोडं सोपं झालं, बाकी कल्याण सीमेवरच थांबतं.

शेतकऱ्याशी हा विषय काढताना भांडायला जायचं नाही. "तोडणीला माणसं कुठून येतात, टनाला काय देता" एवढं साधेपणाने विचारायचं. चार गाड्यांतल्या चार घरांनी हा प्रश्न विचारला की पाचव्या वेळी शेतकरी उत्तर तयार ठेवतो. कीटकनाशकाबद्दलच्या प्रश्नांचं असंच झालं होतं.

सीमेच्या अलीकडे काय?

नवापूर तालुका आणि पलीकडचे उच्छल-सोनगढ, यांच्यात माती तीच, पाऊस तोच, बोलीही जवळजवळ तीच. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातेत गेली. तापी जिल्हा तर २००७ मध्ये सुरतेतूनच वेगळा झाला. पण आज बांधाच्या पलीकडच्या शेतकऱ्याच्या गाईला महिन्याला ९०० रुपये आणि अलीकडच्याला नाही.

महाराष्ट्राने गाईसाठी काही केलं नाही असं नाही. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस देशी गाईला "राज्यमाता-गोमाता" घोषित केलं आणि नोंदणीकृत गोशाळांना गाईमागे रोज ५० रुपये अनुदान जाहीर केलं. वर्षाचे होतात १८,२५० रुपये. म्हणजे गोशाळेतल्या गाईला मदत आहे, पण जी गाय शेतकऱ्याच्या दावणीला उभी राहून त्याचं शेत चालवते तिला नाही. ज्या शेतकऱ्याने गाय विकायची नाही असं आपल्याला वाटतं, त्याच्या हातात काहीच नाही. गाईचा विचार दोन्ही राज्यांनी केला, शेतकऱ्याचा एकाने. डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशन आता राज्यभर आहे. त्याखालील गटांना गुजरातच्या धर्तीवर गाईचं अनुदान द्यायला काय हरकत आहे, हे नंदुरबार, धुळे आणि नाशिकच्या आमदारांनी विचारायला हवं.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. धडगाव, अक्कलकुवा, सुरगाणा, पेठ इथले डोंगरातले अनेक शेतकरी पिढ्यान्पिढ्या नागली-वरईला रासायनिक खत घालतच नव्हते. परवडत नव्हतं म्हणून घातलं नाही आणि गरजही नव्हती. त्यांनी कधी "नैसर्गिक शेतकरी" असा बोर्ड लावला नाही. नाचणीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे, म्हणजे किलोला एकोणपन्नासच्या आत. तेवढाही तिथे बाजारात हाती पडेल याची खात्री नसते. आणि तीच नाचणी शहरातल्या दुकानात "ऑरगॅनिक रागी" म्हणून पाकिटात बसली की भाव काय लागतो, ते सुरतेत राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

फरक मालात नाही. फरक रस्त्यात, पाकिटात आणि ओळखीत आहे. कामरेजच्या शेतकऱ्याचा ग्राहक अर्ध्या तासावर राहतो. धडगावच्या शेतकऱ्याचा ग्राहकही सुरतेतच आहे, उधना-लिंबायतच्या सोसायट्यांमध्ये, त्याच्याच जिल्ह्यातून आलेला. पण दोघांची गाठ पडत नाही. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, घोलवडच्या चिकूला आहे. दोन्ही जागा सुरतेपासून काही तासांवर. किती सुरतकर मराठी घरांत ही तूरडाळ थेट शेतकऱ्याकडून येते?

मग करायचं काय

जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरातल्या बायकांनी एकत्र येऊन शेतकऱ्यांशी थेट करार केले: वर्षभर तुमचा माल आम्ही घेऊ, भाव आधी ठरवू, आणि वर्षातून काही दिवस शेतावर येऊन काम करू. त्याला "तेइकेई" म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी परदेशी शब्दाची गरज नाही. गावाकडून वर्षाचे गहू-डाळ भरण्याची सवय खानदेशी घरांना आहेच. तीच नीट बांधायची.

एका सोसायटीतली दहा घरं घ्या. प्रत्येकाचं वर्षाचं धान्य, डाळ, गूळ किती लागतं ते कागदावर लिहा. या हंगामात दोन शेतं बघा, एक सुरतेच्या बाजूचं आणि एक सीमेच्या अलीकडचं. दोन्हीकडे तेच प्रश्न विचारा. पटलं तर थोडी रक्कम आगाऊ द्या आणि भाव पेरणीआधीच ठरवा. शेतकऱ्याला उचल घ्यायला मुकादमाकडे जावं लागत असेल, तर ती उचल ग्राहकाकडून का नको?

जाण्याआधी काही साध्या गोष्टी. तालुक्याच्या "आत्मा" कार्यालयात नैसर्गिक शेती करणाऱ्या शेतकऱ्यांची माहिती असते, दोन्ही राज्यांत. न सांगता शेतात शिरू नका. हे दिवस तोडणीचे आणि काढणीचे असतात, म्हणून सकाळी लवकर जा आणि शेतकऱ्याचा पूर्ण दिवस खाऊ नका. चहा-पाहुणचार फुकट घेऊन अर्धा किलो गूळ घेऊ नका. घासाघीस करायचीच असेल तर मॉलमध्ये करा, जिथे करता येत नाही. आणि परत आल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर फोटोंच्या जोडीला हिशेबही टाका: जमीन किती, नैसर्गिक किती, कागद कोणता, भाव काय, तोडणी-मजुरी काय.

होळीला बारडोलीकडचे कोयते चार दिवस घरी येतात. काठीची राजवाडी होळी, ठिकठिकाणचे भोंगऱ्या बाजार, सगळीकडे माणसं परत आलेली दिसतात. धुळवड संपली की ट्रक पुन्हा भरून सुरतेच्या बाजूला जातील आणि त्याच रस्त्याने सुरतकर शेतं बघायला बाहेर पडतील. त्यातल्या काही गाड्या पुढच्या वर्षी नवापूरची सीमा ओलांडून अलीकडे आल्या, तर ट्रकांतली गर्दी थोडी कमी होईल. त्यासाठी सरकारने गाईचे नऊशे रुपये द्यावेत आणि आपण आगाऊ रकमेची पहिली वर्गणी काढावी.